शर्यतीच्या गाडीला क्लच कोणता?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी क्लब हाऊसमध्ये ‘आपल्यातलेच वक्ते’ हा कार्यक्रम झाला. त्यातल्या एका भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



आधीच्या वक्त्यांनी मधुमेह, म्युच्युअल फंड आणि गच्चीवरची बाग असे सगळ्यांच्या उपयोगाचे विषय घेतले. माझा विषय फलकावर वाचून काहीजण हसले, ते मी पाहिलं. ‘ड्रॅग रेसच्या मॅन्युअल गाडीसाठी क्लचची निवड.’ पण आपल्या सोसायटीतली दोन-तीन मुलं या नादाला लागली आहेत, हे पार्किंगमध्ये रविवारी सकाळी उघडलेली बॉनेटं पाहून सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचे आईवडील मला लिफ्टमध्ये गाठून म्हणतात, “काका, तुम्ही सांगा याला.” आणि मुलं म्हणतात, “काका, कुठला क्लच टाकू ते सांगा.” दोघांना एकदमच उत्तर द्यावं म्हणून हा विषय घेतला. माझी नोकरीची बहुतेक वर्षं पिंपरी-चिंचवड पट्ट्यात क्लच प्लेटच्या तपासणी विभागात गेली, तेव्हा या एका गोष्टीबद्दल दोन शब्द बोलण्याचा मला अधिकार आहे असं मी समजतो.

ज्यांना शर्यतीत रस नाही त्यांनीही बसून राहा. तुमच्या रोजच्या गाडीचंही यात पुष्कळ आहे.

ड्रॅग रेस म्हणजे काय?

दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या, सरळ रस्ता, दिवा हिरवा झाला की सुटायचं. वळण नाही, फेरी नाही. मूळ अंतर पाव मैल, म्हणजे १,३२० फूट, आपल्या हिशेबाने ४०२ मीटर. हा खेळ अमेरिकेतला, त्यातही कॅलिफोर्नियातला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली तरुण मुलं जुन्या गाड्या खोलून, वाढवून वाळवंटातल्या सुकलेल्या तळ्यांवर आणि रिकाम्या धावपट्ट्यांवर पळवायची. रस्त्यावरही पळवायची आणि मरायचीही. वॉली पार्क्स नावाच्या गृहस्थांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली ती याचसाठी. पोरांचा नाद सुटणार नाही, तर त्याला रस्त्यावरून उचलून नियमाच्या जागी नेऊ, असा तो विचार होता. आपल्याकडेही लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत, त्या आपल्या मुलांनी पाहिल्या आहेत.

या शर्यतीत पहिले ६० फूट, म्हणजे १८ मीटर, सगळ्यात महत्त्वाचे. तिथे सेकंदाचा दहावा भाग वाचवला, तर शेवटच्या रेषेवर दहाव्या भागापेक्षा जास्तच फायदा दिसतो. आणि मॅन्युअल गाडीत हे पहिले १८ मीटर कोणाच्या हातात असतात? इंजिनाच्या नाही. क्लचच्या.

पार्किंगचा रॅम्प आठवा

आपल्या पार्किंगच्या रॅम्पवर पुढची गाडी थांबली की आपण काय करतो? हाफ क्लच. इंजिन फिरतंय, चाकं जवळजवळ स्थिर आहेत, आणि मधला फरक क्लच घसरून भरून काढतोय. दोन मिनिटांनी जो वास येतो, तो या घसरण्याच्या उष्णतेचा.

क्लचची रचना सोपी आहे. इंजिनाला जोडलेलं जड चाक म्हणजे फ्लायव्हील. त्याला बोल्टने बसवलेली प्रेशर प्लेट. या दोघांच्या मध्ये, पोळपाट आणि लाटण्यामध्ये पोळी असावी तशी, क्लच प्लेट. तिला दोन्ही बाजूंनी अस्तर असतं, त्याला आपण फेसिंग म्हणतो. ही प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसते. पेडल सोडलं की स्प्रिंग तिला दाबून धरते आणि इंजिनाचा पीळ गिअरबॉक्सला जातो. पेडल दाबलं की दाब सुटतो आणि प्लेट मोकळी होते.

आता ही पकड किती? चार गोष्टींचा गुणाकार करायचा. दाब किती, घर्षण किती, प्लेटची सरासरी त्रिज्या किती, आणि घासणारे पृष्ठभाग किती. एका प्लेटला दोन पृष्ठभाग, दोन प्लेटांना चार.

हिशेबापुरते लहान गाडीचे आकडे घेऊ. दाब ३,५०० न्यूटन, म्हणजे साधारण ३५० किलो वजनाइतका. घर्षणांक ०.३. सरासरी त्रिज्या ८ सेंटिमीटर. पृष्ठभाग २. गुणाकार येतो १६८ न्यूटन-मीटर. न्यूटन-मीटर म्हणजे काय, तर एक मीटर लांब पान्याच्या टोकाला दहा किलोचं वजन टांगलं की जवळजवळ १०० न्यूटन-मीटर पीळ बसतो. १.२ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन ११० ते ११५ न्यूटन-मीटर पीळ देतं. म्हणजे कंपनीने बसवलेल्या क्लचमध्ये जवळपास दीडपट सोय असते. ती उगाच नसते. अस्तर झिजणार, स्प्रिंग थकणार, कोणी रॅम्पवर हाफ क्लच करणार, हे सगळं धरलेलं असतं.

आता मुलाने त्या गाडीला टर्बो लावला आणि पीळ नेला २२५ वर. १६८ मध्ये २२५ मावत नाहीत. क्लच घसरणारच. इथपर्यंत सगळ्यांना कळतं. म्हणून मुलगा दुकानात जातो आणि म्हणतो, “सगळ्यात कडक क्लच द्या.” गडबड सुरू होते ती इथून पुढे.

एमसीबीचं उदाहरण

घरात एमसीबी वारंवार पडतो म्हणून एखाद्याने ३२ अँपिअरच्या जागी ६३ चा बसवला, तर काय होईल? एमसीबी पडणार नाही. भिंतीतली वायर जळेल. आपले इलेक्ट्रिशियन हे मीटर रूमसमोर उभे राहून कितीदा सांगतात!

क्लच हा गाडीचा एमसीबी आहे. शर्यतीत सुटताना इंजिन आधीच ५,००० फेऱ्यांवर फिरवलेलं असतं. त्या जड फ्लायव्हीलमध्ये पुष्कळ ऊर्जा साठलेली असते. पेडल एकदम सोडलं की ही ऊर्जा इंजिनाच्या पिळाशिवाय वरून येते. म्हणजे इंजिन २२५ चं असलं तरी क्लचची पकड ४०० ची असेल, तर त्या क्षणी गिअरबॉक्सला ४०० पर्यंत धक्का बसू शकतो. क्लचची पकड हीच त्या धक्क्याची मर्यादा. ती वाढवाल तेवढा धक्का पुढे जाईल, आणि पुढे जे कमजोर असेल ते तुटेल. गिअरचे दात, ड्राइव्ह शाफ्ट, सीव्ही जॉइंट, जे असेल ते.

आणि तो धक्का कामाला तरी येतो का? पाहू. आपल्या मुलांच्या गाड्या बहुतेक पुढच्या चाकांनी चालणाऱ्या. पहिला गिअर आणि शेवटचा गिअर मिळून पीळ सुमारे १४ पट होतो. गाडी चालकासकट १,००० किलो धरू. सुटताना वजन मागे झुकतं, आपण बसमध्ये मागे झुकतो तसंच. त्यामुळे पुढच्या चाकांवर उरतं ५०० किलोच्या आसपास. चांगला कोरडा रस्ता, चांगले टायर, चाकाची त्रिज्या २९ सेंटिमीटर. हिशेब केला तर पहिल्या गिअरमध्ये क्लचमधून साधारण १०० न्यूटन-मीटर गेले की टायर जागेवर फिरू लागतात. १०० फक्त! म्हणजे पहिल्या गिअरमध्ये २२५ चाच उपयोग नाही, मग ४०० च्या क्लचचं तिथे काय काम?

मग मोठा क्लच लागतो कुठे? तिसऱ्या-चौथ्या गिअरला. तिथे गिअरचं गुणन कमी असतं, टायर घसरत नाहीत, आणि इंजिनाचा सगळा पीळ क्लचलाच धरावा लागतो. म्हणून कमजोर क्लच पहिल्या गिअरला उघडा पडत नाही. चौथ्याला ॲक्सिलरेटर दाबल्यावर फेऱ्या वाढतात आणि वेग वाढत नाही, तेव्हा पडतो. घरच्या गाडीचा क्लच संपलाय का हे पाहण्याची मेकॅनिकची युक्तीही हीच. वरच्या गिअरला, चढावर दाबून पाहायचं.

मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत उलट. तिथे वजन मागे झुकतं ते चालत्या चाकांवरच येतं, पकड वाढते, आणि रुंद मऊ स्लिक टायर असले तर आणखी. चारही चाकांनी चालणाऱ्या गाडीत टायर जवळजवळ घसरतच नाहीत. तिथे मऊपणा द्यायचा तर तो क्लचनेच द्यायचा. म्हणून क्लच निवडताना पहिला प्रश्न ‘इंजिन किती ताकदीचं’ हा नाही. ‘कोणती चाकं चालतात आणि टायर कोणते’ हा आहे.

पकड वाढवण्याचे चार रस्ते

गुणाकारात चार आकडे होते, म्हणून रस्तेही चार. प्रत्येकाची वेगळी किंमत आहे.

दाब वाढवा. सगळ्यात सोपं. पण पेडल जड होतं. आणि पेडल दाबल्यावर तो वाढलेला जोर रिलीज बेअरिंगमधून क्रँकशाफ्टच्या टोकाशी असलेल्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो. सिग्नलला दोन-दोन मिनिटं पेडल दाबून उभं राहणाऱ्याच्या इंजिनाची झीज तिथे होते. जड क्लचच्या गाडीत हे आणखी वाढतं.

घर्षण वाढवा, म्हणजे अस्तर बदला. रोजच्या गाडीचं अस्तर ऑरगॅनिक असतं. मऊ पकडतं, पण फार तापलं की पकड सोडतं आणि जळतं. केव्हलरचं अस्तर टिकाऊ, पण ते नीट बसवून घ्यावं लागतं आणि एकदा जळलं की पूर्वपदावर येत नाही. सिरॅमिक म्हणून जी वेगवेगळ्या पाकळ्यांची प्लेट मिळते, तिला उष्णता सोसते, पकड जोरात येते, पण एकदम येते. अशा गाडीत हाफ क्लच म्हणजे थरथराट. रॅम्पवर ती गाडी हरणासारखी उड्या मारते, हे तुम्ही पाहिलेलं आहे. सिंटर्ड आयर्न, म्हणजे लोखंडाच्या भुकटीला दाबून-भाजून केलेलं अस्तर, सगळ्यात जास्त उष्णता सोसतं. मुद्दाम घसरवायच्या शर्यतीच्या क्लचमध्ये ते वापरतात. रस्त्याच्या गाडीत त्याचं काम नाही.

त्रिज्या वाढवा. उत्तम उपाय, पण बेल हाऊसिंगमध्ये जागा असेल तर. शिवाय मोठी प्लेट जड, ती गिअर बदलताना लवकर थांबत नाही, आणि जास्त फेऱ्यांवर तिच्यावर ताणही जास्त येतो.

चौथा रस्ता, प्लेटांची संख्या वाढवा. आपल्या उदाहरणात तोच दाब आणि तेच अस्तर ठेवून दोन प्लेटा केल्या तर १६८ चे ३३६ होतात. पेडल फारसं जड होत नाही. उष्णता चार पृष्ठभागांत वाटली जाते. महाग आहे आणि सगळ्या गाड्यांना तयार मिळत नाही. पण २२५ च्या इंजिनासाठी दोन लहान ऑरगॅनिक प्लेटा मिळत असतील, तर मी एका कडक सिरॅमिकपेक्षा त्याच घेईन.

एक गोष्ट लक्षात ठेवा. खोक्यावर ‘स्टेज १’, ‘स्टेज २’, ‘स्टेज ३’ असं लिहिलेलं असतं. हे कुठलंही प्रमाण नाही. एका कंपनीचा स्टेज २ दुसऱ्या कंपनीच्या स्टेज ३ पेक्षा जड असू शकतो. विचारायचं ते एवढंच: किती न्यूटन-मीटर धरतो, कोणत्या अस्तरावर, आणि किती फेऱ्यांपर्यंत तपासलेला आहे. दुकानदाराला ही तीन उत्तरं देता आली नाहीत, तर पिशवी बंद करून घरी या.

घसरणं वाईट नाही, मोजकं असावं

शर्यतीत क्लच घसरूच नये, असं मुलांना वाटतं. खरं उलट आहे. सुटताना तो थोडा घसरलाच पाहिजे. नाहीतर एकतर टायर फिरतात, नाहीतर इंजिनाच्या फेऱ्या धाडकन खाली पडतात, नाहीतर काहीतरी तुटतं. जिंकणारी गाडी सुटताना अर्धा-एक सेकंद क्लचवर घसरते आणि मग घट्ट धरते.

त्या एका सेकंदाची किंमत पाहा. ५,००० फेरे, ३०० न्यूटन-मीटर पीळ, एक सेकंद घसरणं, आणि तेवढ्यात फरक शून्यावर आला. यातून निघणारी उष्णता जवळजवळ ७८ किलोज्यूल. एवढ्यात एक लिटर पाणी सुमारे १९ अंशांनी तापेल. ऐकायला थोडं वाटतं. पण इथे पाणी नाही, अस्तराचा वरचा पातळ थर आहे, आणि उष्णतेला आत शिरायला वेळच मिळत नाही. म्हणून पृष्ठभाग निळा पडतो, त्यावर ठिपके येतात, प्लेट वाकडी होते. लागोपाठ तीन वेळा सुटलात तर पहिल्या वेळची उष्णता अजून आतच असते. दोन धावांच्या मध्ये थांबा, गाडी थंड होऊ द्या, हे म्हणूनच सांगतात.

हे घसरणं मोजकं ठेवण्यासाठी खास शर्यतीच्या क्लचमध्ये एक सुंदर युक्ती असते. मूळ स्प्रिंगचा दाब मुद्दाम कमी ठेवतात, आणि प्रेशर प्लेटच्या दांड्यांवर लहान वजनं बसवतात. गोफण फिरवल्यावर दगड बाहेर ओढला जातो, तशी फेऱ्या वाढल्या की ही वजनं बाहेर ओढली जातात आणि दांडीमार्फत प्लेट दाबतात. फेऱ्या दुप्पट झाल्या की हा जादा दाब चौपट होतो. म्हणजे सुटताना क्लच मऊ आणि पुढे आपोआप कडक. मूळ दाब किती आणि वजनं किती ग्रॅमची, हे त्या दिवसाच्या रस्त्याप्रमाणे बदलता येतं. स्वस्तात यासारखं काही करायचं तर पेडलच्या हायड्रॉलिक नळीत बारीक झडप बसवतात. पाय एकदम सोडला तरी तेल हळू परतं, त्यामुळे क्लच हळू धरतो.

याचं टोक पाहायचं तर अमेरिकेतल्या टॉप फ्युएल गाड्या. त्यांना गिअर बदलणं हा प्रकारच नाही. १,००० फूट पावणेचार सेकंदांच्या आसपास, शेवटी वेग ताशी ५३० किलोमीटरच्या वर, आणि हा सगळा खेळ पाच-सहा प्लेटांच्या क्लचवर. तो क्लच धावेच्या बऱ्याच भागात मुद्दाम घसरवतात, आणि प्रत्येक धावेनंतर तो खोलून प्लेटा बदलतात. तिथे सगळ्यात शहाणा माणूस बहुतेक वेळा क्लचवाला असतो.

आता आईवडिलांसाठी

आतापर्यंत पैशाचं बोललो. आता पायाचं आणि जिवाचं बोलतो.

क्लच कुठे असतो? मागच्या चाकांच्या गाडीत बरोबर चालकाच्या पायांजवळ. २४ सेंटिमीटर व्यासाचं फ्लायव्हील ७,००० फेऱ्यांवर असताना त्याच्या काठाचा वेग ताशी सुमारे ३१५ किलोमीटर असतो. आणि त्याला फोडू पाहणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. ५,००० च्या जागी १०,००० झाले की ताण चौपट. साधं फ्लायव्हील ओतीव लोखंडाचं असतं, ते ताणाला कमजोर. त्यात उष्णतेने पडलेल्या केसासारख्या चिरा असल्या, किंवा कोणी वजन कमी करायला लेथवर वाटेल तसं घासलेलं असलं, तर ते केव्हा फुटेल सांगता येत नाही. मी तपासणी विभागात प्लेटा मुद्दाम फुटेपर्यंत फिरवलेल्या आहेत. जाड पोलादी खड्ड्यात, झाकण बंद करून, आम्ही दुसऱ्या खोलीत. तरी तो आवाज छातीत बसतो. प्लेटचे तुकडे काढताना आम्ही सगळे गप्प असायचो.

डॉन गार्लिट्स हे या खेळातलं सगळ्यात मोठं नाव. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर सुटतानाच त्यांच्या गाडीचं ट्रान्समिशन फुटलं. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. त्या काळी इंजिन पुढे आणि चालक मागे, असं की ही सगळी फिरणारी यंत्रं त्याच्या दोन पायांच्या मध्ये. दवाखान्यातून आल्यावर त्या माणसाने इंजिन चालकाच्या मागे ठेवलेली गाडी बांधली आणि १९७१ साली तीच गाडी घेऊन जिंकायला लागले. थोड्याच वर्षांत त्या वर्गातल्या सगळ्या गाड्या तशा झाल्या. फुटलं ते ट्रान्समिशन होतं, क्लच नव्हे; पण जागा तीच आणि धोका तोच.

म्हणून तिथे नियम आहेत. पाव मैल ११.४९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या क्लचच्या गाडीला एस.एफ.आय. या संस्थेच्या प्रमाणाचं फ्लायव्हील आणि क्लच सक्तीचं, आणि भोवती तुकडे अडवणारं पोलादी कवचही सक्तीचं. आपल्या मुलांच्या गाड्या इतक्या वेगवान नाहीत. पण फ्लायव्हीलला सेकंद कळत नाहीत, फेरे कळतात. गाडी १३ सेकंदांची असली तरी ७,५०० फेऱ्यांवर क्लच सोडणार असाल, तर फ्लायव्हील बिलेट स्टीलचं, तपासलेलं हवं. या एका जागी पैसे वाचवायचे नाहीत.

आणखी एक. क्लच प्लेट गिअरबॉक्सला, म्हणजे शेवटी चाकांना बांधलेली असते. ताशी १२० च्या वेगात घाईने वरचा गिअर टाकायला गेलात आणि चुकून दुसरा पडला, तर पेडल दाबलेलं असूनही ती प्लेट ८,५०० फेऱ्यांवर जाते. पहिला पडला तर १५,००० वर. इंजिनाचा लिमिटर तिथे काही करू शकत नाही, कारण फिरवणारं इंजिन नाही, चाकं आहेत. अस्तर उडून जातं ते अशा वेळी. शर्यतीत न जाणाऱ्यांनाही सांगतो, बोरघाट उतरताना खालच्या गिअरमध्ये क्लच दाबून गाडी सोडू नका.

तर मग, कोणता?

मुलांनो, कागद-पेन्सिल घ्या. पहिलं, गाडी रोज ऑफिसला जाणार आहे की फक्त शर्यतीला? रोज जाणार असेल तर ऑरगॅनिक किंवा दोन प्लेटांचा, मधल्या पदरात स्प्रिंग असलेला. दुसरं, कोणती चाकं चालतात, टायर कोणते. तिसरं, डायनोवर मोजलेला पीळ किती. मित्राने सांगितलेला नाही. चौथं, त्या पिळाच्या सव्वा ते दीडपट धरणारा क्लच, त्याहून जास्त नाही. पाचवं, फ्लायव्हील. सहावं, नवीन क्लच साधारण ८०० किलोमीटर शहरात सौम्यपणे चालवून बसवून घ्यायचा. आदल्या रात्री बसवून सकाळी शर्यतीला जायचं नाही. सातवं, गिअरबॉक्स काढलेलाच असतो, तर रिलीज बेअरिंग आणि मागचं ऑइल सील त्याच वेळी बदला. तेलाचा एक थेंब नव्या अस्तरावर पडला की सगळे पैसे पाण्यात.

आणि आठवं. पळवायची ती फक्त परवानगीच्या जागी, जिथे डॉक्टर आहे, अग्निशमन आहे, कडेला प्रेक्षकांना अडवणारी भिंत आहे. आपल्या देशात फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया ही संस्था शर्यतींना मान्यता देते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, त्यात दंड आहे आणि तुरुंगवासही आहे. पण मी कायद्याच्या भीतीने सांगत नाही. रात्री एक वाजता बायपासवर दुधाचा टेम्पो वळत असतो. त्या चालकाला तुमची शर्यत चालू आहे हे माहीत नसतं.

पालकांना एवढंच म्हणतो: मुलगा हौशीने यंत्र खोलतोय, हिशेब करतोय, हात काळे करतोय, तर त्याला त्या बाजूने रागावू नका. त्याच्याबरोबर धावपट्टीवर जाऊन पाहा. त्याने कोणतं फ्लायव्हील बसवलं ते विचारा. त्याला उत्तर देता आलं पाहिजे.

माझं बोलणं संपलं.

श्रोत्यांचे प्रश्न

*माझ्या साध्या गाडीला रॅम्पवर जळका वास येतो. क्लच गेला का?*
एकदा आला तर नाही. घसरल्याचा तो वास आहे. रोज यायला लागला, किंवा चौथ्या गिअरला फेऱ्या वाढून वेग वाढत नसेल, तर दाखवून घ्या. रॅम्पवर थांबायची वेळ आली तर हँडब्रेक ओढा आणि पाय काढा. पुढची गाडी हलली की मगच क्लच. आणि चालवताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवू नका, वहिनी. तेवढ्या वजनानेही रिलीज बेअरिंग फिरत राहतं.

*फ्लायव्हील हलकं केलं तर गाडी जास्त पळते ना, काका?*
चालू गाडीत फेऱ्या लवकर वाढतात, हे खरं. पण सुटताना जड फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जाच गाडीला ढकलते. हलकं केलंस की सुटताना इंजिन बसतं. लहान इंजिन, भारी गाडी, तर फार हलकं नको. आणि करायचंच तर तयार, तपासलेलं विकत घे. जुनं घासून नको.

*ऑटोमॅटिक घेतली तर ही कटकटच नाही ना?*
नाही ना! पण मग मला इथे बोलावलं कोणी असतं?